फ्लेक्सवर गोरी झालेली कवयित्री

उल्हासनगरच्या फ्लेक्सवाल्याने टेबलावर गुंडाळी सोडली आणि माझ्यासमोर एक अनोळखी बाई उलगडली. डोळे ओळखीचे होते, हनुवटीही तशीच ताठ. पण चेहरा दुधात बुडवून काढल्यासारखा, गालांवर गुलाबी झाक आणि ओठांवर चक्क लिपस्टिक.

"ये कौन है?" मी विचारलं.

"आपकीच है, मॅडम. वही पोएट." पन्नाशीचा, सुटलेल्या पोटाचा तो सिंधी गृहस्थ समाधानाने माझ्याकडे बघत होता. "फोटो बहुत डार्क था. थोडा साफ कर दिया. उसका चार्ज नहीं लगाया."

त्याच्या मागच्या भिंतीवर नमुने टांगले होते. वाढदिवसाचे भावी नगरसेवक, बारशाची बाळं, लग्नाच्या नवऱ्या, भावपूर्ण श्रद्धांजलीचे आजोबा. सगळे एकाच रंगाचे. त्या दुकानात मेलेला माणूससुद्धा आधी गोरा होत होता आणि मगच त्याला फुलं वाहिली जात होती.

"भाऊ, ही बाई काळी होती. मला काळीच पाहिजे."

त्याने आवाज खाली आणला. घरच्या माणसाने भर लग्नात तमाशा सुरू केला की आणतात तसा. "मॅडम, काला प्रिंट करूँगा तो लोग बोलेंगे प्रिंटिंग खराब है."

"बोलने दो."

"नीचे दुकान का नाम आता है."

"नाम निकाल दो."

"नाम कैसे निकालूँ?" तो खरोखर दुखावला.

मी कमरेवर हात ठेवला. वयाच्या विसाव्या वर्षी एका नाट्यस्पर्धेत हाच हात कमरेवर ठेवून मी उत्तेजनार्थ बक्षीस मिळवलं होतं, तेव्हापासून भांडणाच्या सुरुवातीला तो आपोआप तिथे जातो. एका कवयित्रीचा रंग पुसणं म्हणजे काय, यावर चांगलं दहा मिनिटांचं भाषण ओठांवर आलं होतं. आणि तोंड उघडणार तेवढ्यात त्याचं ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. चार्ज नहीं लगाया. हात कमरेवरून खाली आला. अठरा वर्षांपूर्वी याच कवयित्रीला मीही असंच साफ करून दिलं होतं. मीही चार्ज लावला नव्हता.

"असली रंग में कर दो," मी एवढंच म्हटलं आणि समोरच्या गाडीवर जाऊन चहा मागवला.

*

तेव्हा मी अंबरनाथ एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत डिस्पॅचला होते. ती लॅबमध्ये केमिस्ट होती. ती म्हणजे माझी मैत्रीण. उल्हासनगरची, एमएस्सी, उंच, काळी आणि बोलायला लागली की समोरच्याला घाम फोडणारी. गोळ्यांचा एखादा लॉट तिने नापास केला की मॅनेजर स्वतः लॅबच्या काचेपाशी येऊन उभे राहायचे. ती आतूनच मान हलवायची. नाही म्हणजे नाही.

कवयित्री तिला रद्दीत सापडली. उल्हासनगरात जुन्या इंग्रजी मासिकांचे गठ्ठे विकणारा एक म्हातारा सिंधी दुकानदार होता. त्या ढिगात पाठचं पान फाटलेला कवितासंग्रह होता, अमेरिकेतल्या एका काळ्या बाईचा. तिने तो उचलला आणि पानं उलटत म्हणाली, "साईं, ये देखो, हर पन्ना आधा खाली है. तो दाम भी आधा लो." म्हातारा इतका हसला की त्याने अर्ध्याहूनही कमी घेतलं. हे ती सांगायची तेव्हा दोघांचे आवाज काढायची. मी नाटकवाली, पण तो म्हातारा तिच्याइतका मला कधीच जमला नाही.

मग आमच्या जेवणाच्या सुट्टीचा रंगच बदलला. कॅन्टीनच्या मागे पंपाच्या खोलीला टेकून एक सिमेंटचा कट्टा होता. तिथे आम्ही डबे उघडायचो. तिच्या डब्यात सुकट असली की माझी मेथी तिच्याकडे जायची आणि तिची सुकट माझ्याकडे. एका हाताने घास आणि दुसऱ्या हातात पेन. लॅबच्या जुन्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर ती त्या कविता मराठीत उतरवायची. मी मोठ्याने वाचायचे. ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "थांब. इथे तू रडतेयस. ती रडत नाहीये."

"मग काय करतेय?"

"सांगतेय. नुसतं सांगतेय. तू जरा अभिनय कमी कर गं, नाटके."

पॅकिंगमधली मोरिवलीची एक बाई कधीकधी आमच्यात येऊन बसायची. आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, सगळी कंपनी तिला मावशी म्हणायची. एकदा कविता ऐकून ती म्हणाली, "ही बाय आमच्याकरची हाय काय गो? बोलते तर तशीच." मैत्रीण म्हणाली, "हो मावशी, जरा लांबची आहे." मावशीने मान डोलावली आणि कवयित्रीला मुलं किती, सासू आहे का, अशी चौकशी सुरू केली.

ती आमच्या घरीही यायची, अंबरनाथ पूर्वेला. आई तिला चहा द्यायची तो काचेच्या नक्षीदार ग्लासात. आम्ही सगळे कपात प्यायचो. मला वाटायचं, पाहुणीचा मान आहे. बरीच वर्षं वाटायचं. तो ग्लास फळीवर वेगळा, एका कोपऱ्यात पालथा असायचा, हे मला दिसत होतं आणि तरीही दिसत नव्हतं. तिला मात्र पहिल्या दिवसापासून दिसलं असणार. तरी ती येत राहिली. माझ्यासाठी येत राहिली, हे आता कळतं आणि कळून काही उपयोग नसतो.

मग कंपनीत महिला दिनाचा कार्यक्रम आला. मी सूत्रसंचालन करणार हे उघडच होतं. मी तिच्याकडे ती रजिस्टरची वही मागितली. "एक कविता म्हणते, तुझ्या मराठीतली." तिने जरा विचार केला आणि दिली. स्वतः मागच्या रांगेत दाराजवळ बसली, पांढऱ्या कोटातच.

समोर ऑफिसर मंडळींच्या बायका बसल्या होत्या, पैठण्या आणि मोगऱ्याचे गजरे. त्या कवितेत एका जागी कवयित्री स्वतःला काळी म्हणते. साधं, एकदाच. मी त्या ओळीपाशी आले, समोरचे गजरे बघितले आणि माझ्या तोंडून 'सावळी' गेलं. ठरवून नव्हे. स्थळं सांगून आली की आपल्याकडे मुलगी काळी कधीच नसते. ती सावळी असते, निमगोरी असते, नाकीडोळी नीटस असते. मी बालपणापासून हे ऐकत होते. सभ्य माणसं एवढं करतातच. शिवाय 'सावळी' म्हटल्यावर मला आवाज लांबवता आला. सावऽऽळी. टाळ्या पडल्या. एका बाईंनी डोळे टिपले. मी कमरेत वाकून टाळ्या घेतल्या, मूळ कवयित्रीचं नाव सांगितलं आणि कविता मराठीत कुणी आणली हे सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर तिने डबा उघडायच्या आधी विचारलं, "सावळी का म्हणालीस?"

"अगं, कानाला गोड लागतं."

"मी काळी लिहिलं होतं."

"हो, पण लोकांसमोर कसं..." आणि मग मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मूर्ख वाक्य अत्यंत प्रेमाने बोलले. "आणि तू काय मनाला लावून घेतेस? तू कुठे एवढी काळी आहेस?"

ती हसली. मला वाटलं, सुटले.

"मी काळीच आहे," ती म्हणाली. "एवढी वर्षं समोर बसतेस, तुला दिसले नाही का मी?"

वही तिने परत घेतली. तिचं नाव घ्यायचं राहिल्याबद्दल ती काहीच बोलली नाही, ते मला माझंच नंतर, बसमध्ये, आठवलं. भांडण वगैरे झालं नाही. झालं असतं तर मी ते जिंकले किंवा हरले असते, माझी त्यात तालीम आहे. ती फक्त लॅबमध्ये जेवायला लागली. वर्षभरात दुसऱ्या कंपनीत गेली. पुढे आमची कंपनीही बंद झाली. मी लग्नं, निवृत्ती समारंभ, संगीतसंध्या असं निवेदन करत बदलापुरात स्थिरावले.

आणि ती? गेली सहा वर्षं बदलापूरच्याच सोनिवलीला राहते. नव्या इमारतींपैकी एकीत. मावशीकडून मला सगळं कळत असतं. माझ्या घरापासून रिक्षाने जेमतेम पंधरा मिनिटं. बाजारात एखादी उंच बाई पाठमोरी दिसली की मी उगाच भाजीवाल्याशी मोठ्याने बोलते. ऐकू जावं म्हणून. ती वळली की दुसरीच कुणीतरी निघते आणि माझ्या पिशवीत नको असलेला दोडका.

*

आमच्या वाचनालयात बायकांचा एक वाचनगट आहे. दर वर्षी एका परदेशी लेखिकेचा मान. यंदा कुणाचा, असं विचारल्यावर मी त्या कवयित्रीचं नाव सांगितलं, आणि एवढ्या झटकन सांगितलं की सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आमच्या अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापिका. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो. त्यांची लेक परदेशात असते, तिने रीतसर परवानगी काढून कवयित्रीवरचा माहितीपट मिळवून दिला. अडचण एकच. सगळा इंग्रजीत.

"मी बोलेन," मी म्हटलं. "चित्र चालू राहील, मी बाजूला माईक घेऊन मराठीत सांगेन."

निमंत्रणावर बाईंनी लिहिलं होतं, 'कृष्णवर्णीय स्त्रीवादी कवयित्रीस अभिवादन.'

"काळी लिहा, बाई."

"काळी? अगं, अपमान वाटेल."

"कुणाला?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. पाच बायका होत्या, मतदान घेतलं. कृष्णवर्णीय चार, काळी एक. मी म्हटलं, मग निवेदन दुसऱ्या कुणाला तरी द्या. बाई म्हणाल्या, "अशी धमकी सहावीतली मुलं देतात." मग निमंत्रणावर शाई बदलून स्वतःच्या हाताने 'काळी' लिहिलं.

मावशीला मी निरोप दिला. "तिला सांग, रविवारी चार वाजता. सांग की मी बोलावलंय."

मावशीने दोन दिवसांनी फोन केला. "सांगितला गो तिला."

"काय म्हणाली?"

"बघते म्हनाली."

मराठीत 'बघते'चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. मी तो अर्थ बाजूला ठेवला आणि पार्लरमध्ये जाऊन केस रंगवून आले.

रविवारी दुपारी हॉलला पश्चिमेच्या सात खिडक्या आणि पडदा एकही नाही, हे ध्यानात आलं. बाईंनी गटावर फर्मान काढलं, येताना प्रत्येकीने एक चादर आणावी. आल्या चादरी. गुलाबांच्या, मोरांच्या, एक सोलापुरी, एकीच्या नातवाची कार्टूनवाली. खिळ्यांना, चिमट्यांनी, सेफ्टीपिनांनी त्या खिडक्यांवर चढल्या. अंधार काही झाला नाही. ऊन त्या फुलांतून गाळून आत यायला लागलं आणि सगळा हॉल जांभळट गुलाबी झाला. प्रोजेक्टरच्या पडद्याशेजारी फ्लेक्स उभा होता. खरा रंग. शेजारी समई. बायका येऊन नमस्कार करत होत्या आणि मागे वळून एकमेकींना म्हणत होत्या, "काय करारी दिसते ना." एकही जण प्रिंटिंगबद्दल बोलली नाही.

मागच्या रांगेत दाराजवळच्या खुर्चीवर मी माझा रुमाल टाकून जागा धरली. कुणी विचारलं की सांगायचे, येतायत एक बाई.

माहितीपट सुरू झाला. दार उघडत-मिटत होतं. पंधरा मिनिटांनी नजर मागे गेली तर त्या खुर्चीवर कुणीतरी बसलेलं होतं.

चेहरा दिसत नव्हता. प्रोजेक्टरचा झोत डोळ्यांवर येत होता. एक आकृती, खांदे जरा पुढे झुकलेले, मांडीवर काहीतरी धरलेलं. तिला मांडीवर पर्स धरून बसायची सवय होती, कधीही उठून जाता यावं म्हणून. मी त्यापुढे जे बोलले ते फक्त त्या खुर्चीसाठी बोलले. कवयित्रीचं लहानपण सांगितलं, तिची नोकरी, तिच्या मैत्रिणी, तिच्यावर हसलेली माणसं आणि ज्यांनी तिला ऐकलंच नाही त्या तिच्याच चळवळीतल्या गोऱ्या बाया. हे शेवटचं सांगताना माझा आवाज जरासा फाटला. तो अभिनय नव्हता. पण असता तरी तसाच फाटला असता, त्यामुळे पुरावा काही देता येत नाही.

मग पडद्यावर कवयित्री स्वतः ती कविता वाचायला लागली. मी आवाज बारीक करायला लावला आणि वहीतली कविता म्हणू लागले. अठरा वर्षं पाठ होती. आणि आता कबुली देते. त्या ओळीपाशी मी मुद्दाम थांबले. आदल्या रात्रीच ठरवलं होतं. मी विसरल्यासारखी थांबणार, हॉलभर शांतता होणार आणि मागून दाराजवळून एक आवाज ती ओळ पुरी करणार. पडदा.

मी थांबले. शांतता झाली. मी दाराकडे बघत राहिले. आकृती हलली, पुढे वाकली.

"माईक गेला वाटतं," पहिल्या रांगेतून बाई म्हणाल्या.

"बॅटरी बघा, बॅटरी."

"हॅलो हॅलो म्हन गो," मावशी ओरडली.

मागून काही आलं नाही. पडद्यावर कवयित्री वाचतच होती, ती कुणासाठी थांबली नव्हती. मग मीच म्हटलं. काळी. पुन्हा म्हटलं, काळी. आणि दाराकडे बघून तिसऱ्यांदा म्हटलं. कविता संपवली आणि म्हटलं, "हे मराठी माझं नाही." मग माझ्या मैत्रिणीचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. अठरा वर्षांपूर्वी घ्यायचं राहिलं होतं हेही सांगितलं आणि सावळीचं काय झालं तेही. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. बरं झालं.

माहितीपट संपला. बायकांनी चादरी उतरवल्या, ऊन एकदम आत आलं. मी दाराकडे जवळजवळ पळतच गेले. खुर्चीतून फ्लेक्सवाला उठला. मांडीवर हेल्मेट होतं, आणि माझा रुमाल त्याने घडी करून त्यावर ठेवला होता.

"मॅडम, सोचा देखूँ तो सही, किसका फोटो था," तो म्हणाला. मग जरा थांबून, फ्लेक्सकडे बघत म्हणाला, "पहलेवाला गलत था."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच क्षणी बुक्कीही. मी त्याला दोन समोसे दिले.

*

मंगळवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"नाटके."

मी गॅस बंद केला. खाली बसले.

"मावशीने व्हिडिओ पाठवला," ती म्हणाली. आवाज थोडा जाड झालाय, बाकी तोच. "ओळ विसरली नव्हतीस तू."

"नाही."

"मग थांबलीस कशाला?"

"वाटलं, तू म्हणशील."

"मी तिथे नव्हतेच."

"मला वाटलं होतीस. खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं."

"कोण?"

"फ्लेक्सवाला."

ती हसायला लागली. रद्दीवाल्या म्हाताऱ्याचा आवाज काढल्यावर हसायची तशी, खोकल्यासकट. मीही हसले आणि मला वाटलं, चला, संपली अठरा वर्षं. मग तिचं हसू थांबलं.

"तीनदा म्हणालीस."

"काय?"

"काळी. वहीत एकदाच आहे. तेव्हा एकदाही म्हणाली नाहीस, आता तीनदा. जशीच्या तशी कधी वाचणार आहेस गं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि माझं नाव कुणाला विचारून घेतलंस?"

"अगं, तेव्हा घ्यायचं राहिलं म्हणून तर..."

"तेव्हाही विचारलं नव्हतंस. आताही विचारलं नाहीस." आवाज चढलेला नव्हता. नुसतं सांगत होती. "सोसायटीतल्या दोघी कालपासून मला विचारतायत, तुम्ही कविता करता का. मी इथे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं की नाही, ते माझं होतं ना?"

"होतं," मी म्हटलं.

"बरं झालं नाही म्हणत नाही मी. वाईट झालं असंही नाही. पण माझं होतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती ठेवणार असं वाटलं म्हणून मी घाईघाईने विचारलं, हे सगळं लिहू का? आधी विचारते आहे, असंही वर जोडलं, आणि ते जोडल्याबद्दल लगेच पस्तावले.

"लिही. नाव नको. कुणाचंच नको. छापायच्या आधी मला वाचून दाखव."

"घरी येऊ तुझ्या?"

कुकरची दुसरी शिट्टी झाली. मी या वेळी मध्ये बोलले नाही.

"बघते," ती म्हणाली.

त्याला आता दोन महिने झाले. तो नंबर मी साठवलाय, लावलेला नाही. हा मजकूर छापून तुमच्या हातात पडलाच, तर तिने ऐकून घेतलाय असं समजा. तोवर रोज दुपारी ओट्यासमोर उभी राहून मी तो मोठ्याने वाचते. हात कमरेवर जाऊ द्यायचा नाही, आवाज लांबवायचा नाही, नुसतं सांगायचं. कालपर्यंत पाच ठिकाणी आवाज चढत होता. आज दोनच ठिकाणी चढला. एक तो ग्लासाचा भाग. दुसरं, तिने फोनवर पहिल्यांदा हाक मारली ते.